‘पॉवर’चे सोबती : भिवंडीतील एका इंग्रजी शब्दाचा इतिहास

इंग्रजीच्या तासाला ‘पॉवर’ या शब्दाचे अर्थ फळ्यावर लिहून देणे सोपे असते : शक्ती, सत्ता, अधिकार, वीज, गणितातील घात. विद्यार्थी ती यादी उतरवून घेतात आणि पहिल्याच वाक्यात अडखळतात. कारण शब्द एकटा येत नाही, सोबत्यांसह येतो. जे. आर. फर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या शब्दसाहचर्याला अर्थविचारात मानाचे स्थान दिले. मात्र ही साहचर्ये येतात कोठून? आमच्या मते ती व्याकरणापेक्षा इतिहासातून येतात, आणि हे तपासण्यास भिवंडीइतके योग्य गाव क्वचितच मिळेल.

मराठीने ‘पॉवर’ सरसकट उचललेला नाही. इंग्रजीत भिंगाला ‘पॉवर’ असते, आपल्या चष्म्याला बहुधा ‘नंबर’ असतो. ‘पॉवर ऑफ अॅटर्नी’साठी कुलमुखत्यारपत्र आहे, ‘सुपरपॉवर’साठी महासत्ता. घरातील वीज गेली की आपण ‘लाइट गेली’ म्हणतो. विजेचा घराला पहिला उपयोग दिव्याचा, म्हणून तेथे ती ‘लाइट’ झाली. यंत्र फिरविणारी तीच वीज मात्र ‘पॉवर’ राहिली. वीज, शक्ती, सत्ता, ताकद हे सारे शब्द मराठीत स्त्रीलिंगी. त्यांच्या पंगतीत बसताना ‘पॉवर’ही बहुधा स्त्रीलिंगी झाली.

‘पॉवरलूम’ या जोडशब्दाचा जन्म मात्र विजेच्या आधीचा. एडमंड कार्टराइट यांनी अशा मागाचे पहिले पेटंट 1785 मध्ये घेतले. तेव्हाच्या ‘पॉवर’मध्ये पाणचक्की आणि वाफेचे इंजिन येई, वीज त्या जोडीत पुढे शिरली. महाराष्ट्रात विठ्ठलराव दातार यांनी 1904 मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसविला. मराठीने येथे ‘पॉवर’चे भाषांतर शक्ती वा वीज असे न करता ‘यंत्र’ असे केले, कारण समोर ‘हातमाग’ उभा होता. हिंदीने ‘विद्युतकरघा’ म्हटले. एकाच वस्तूकडे पाहताना इंग्रजीला प्रेरक बल दिसले, हिंदीला वीज आणि मराठीला हाताची जागा घेणारे यंत्र.

भिवंडीत एकोणिसाव्या शतकात उत्तरेकडून आलेले विणकर हातमाग चालवीत. यंत्रमाग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आले. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईच्या गिरण्यांत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि कापडाचे बरेचसे उत्पादन भिवंडीसारख्या गावांकडे वळले. 1985 च्या वस्त्रोद्योग धोरणाने गिरणी व यंत्रमाग यांतील भेद आणखी पुसट केला. यंत्रमाग इतके नित्याचे झाले की ‘पॉवरलूम’मधील ‘पॉवर’ बोलण्यातून गळाली, नुसती ‘लूम’ उरली. सोबती सुटलेली ‘पॉवर’ मग स्वतंत्रपणे विजेचा अर्थ वाहू लागली.

या शब्दाचे सर्वांत परिणामकारक साहचर्य मात्र कायद्याच्या पुस्तकात होते. 1948 च्या कारखाना अधिनियमाने ‘पॉवर’ची व्याख्या अशी केली : वीज, किंवा यांत्रिक रीतीने वाहून नेलेली अशी अन्य ऊर्जा, जी मनुष्य वा पशू यांच्यापासून निर्माण झालेली नाही. मागावर उभ्या असलेल्या माणसाचे बळ व्याख्येनेच ‘पॉवर’बाहेर गेले. तरीही त्या माणसाला संरक्षण मिळायचे ते या शब्दामुळेच. ‘पॉवरच्या साहाय्याने’ काम चालत असेल तर दहा कामगारांवर तो कारखाना ठरे. तिच्याविना चालत असेल तर वीस लागत. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, अपघाताविषयीची दक्षता हे सारे या शब्दसमूहाला टांगलेले होते. म्हणून एकाच छपराखालील माग अनेक नावांवर विभागून दाखविले जात. प्रत्येक नावामागे कामगार दहाच्या आत राहत. पॉवर तीच, माग तेच, पण कायद्याच्या लेखी कारखाना नाही. पुढे 2020 च्या संहितेने हे आकडे 20 व 40 केले. वाक्य तेच राहिले, त्यात मावणारी माणसे कमी झाली.

‘हॉर्सपॉवर’ची कथा याहून विलक्षण. वाफेच्या इंजिनाचे बळ गिऱ्हाइकाला समजावे म्हणून जेम्स वॉट यांनी घोड्याचे माप घेतले. वीजदराच्या सवलतीत महाराष्ट्रातील यंत्रमागधारकांची 27 अश्वशक्तीच्या आतले आणि वरचे अशी विभागणी झाली. ज्या पशूचे बळ कायद्याने ‘पॉवर’ मानले नाही, त्याच पशूच्या नावाने पॉवर मोजली जाते!

या शतकाच्या पहिल्या दशकात राज्यात वीजटंचाई वाढली आणि ‘लोडशेडिंग’साठी ‘भारनियमन’ हा भारदस्त शब्द रूढ झाला. 2007 मध्ये भिवंडीचे वीजवितरण फ्रँचायझी पद्धतीने टोरंट पॉवरकडे गेले. आता ‘पॉवर’ कंपनीच्या नावात आणि बिलाच्या माथ्यावरही आली. मालकाच्या दृष्टीने ‘पॉवर गेली’ म्हणजे उत्पादन थांबले. कारागिराला मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर मिळते. त्याच्या दृष्टीने त्याच दोन शब्दांचा अर्थ, बारा तासांच्या पाळीतील तेवढा वेळ बिनपैशाचा गेला. कोशात या दोन अर्थांना दोन क्रमांक मिळणार नाहीत. माणसांना मात्र ते वेगळे कळतात.

म्हणून आमचे शिक्षकमित्रांना सांगणे एवढेच की, शब्दसाहचर्यांची यादी जरूर पाठ करून घ्यावी. पण प्रत्येक जोडीपाशी क्षणभर थांबून, ही जोडी कोणी जुळविली आणि जुळविताना कोणाला बाहेर ठेविले, हेही विचारावे. ‘पॉवर’च्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे : धोटा भरणारा, तुटलेला धागा जोडणारा तो हात.