क्षमावाणी आणि 1921 ची एक सभा



भाद्रपदात मलकपेठेतल्या आमच्या गल्लीत दोन पर्वे शेजारी शेजारी नांदतात. गणपती बसले की दुसऱ्याच दिवशी, ऋषिपंचमीला, आम्हा दिगंबर जैनांचे दशलक्षण पर्व सुरू होते आणि अनंत चतुर्दशीला, विसर्जनाच्याच दिवशी, पुरे होते. पुढे वद्य प्रतिपदेला क्षमावाणी. वर्षभरात ज्यांना दुखावले त्यांची हात जोडून क्षमा मागायची. लहानपणी मी वडिलांना विचारले होते, ''कुणाला दुखावले ते आठवतच नसेल तर?'' ते म्हणाले, ''मग आधी आठवायला बस.''

आज आपण सर्वांनी मिळून असे थोडे बसावे, एवढ्यासाठी हा लेख आहे.

आपल्या वाडवडिलांनी या शहरात काय उभे केले हे आपण दर वर्षी अभिमानाने सांगतो आणि ते खरेच आहे. निजामाच्या राज्यात मराठवाडा होता, पण दरबाराची आणि कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. मुलांना मातृभाषेत शिकवायचे तर स्वतःच्या खिशाला चाट लावावी लागे. वकील केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींनी 1907 साली विवेकवर्धिनी शाळा काढली. 1922 साली मराठी ग्रंथसंग्रहालय आले. देवळातली आरती, शाळा आणि वाचनालय या तिन्हींवर आपला समाज तगला. श्रद्धा देवळात राहिली, विचार वाचनालयात वाढला आणि दोन्हींना माणसे शाळेने दिली.

पण याच विवेकवर्धिनीच्या आवारात नोव्हेंबर 1921 मध्ये एक गोष्ट घडली, ती आपल्या स्मरणिकांत क्वचितच दिसते. तेथे समाजसुधारणेची परिषद भरली होती. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. भाषणे उर्दूत, मराठीत, इंग्रजीत झाली. मग अलमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलायला उभे राहिले. सभेत हशा पिकला, टाळ्या आणि आरडाओरडा झाला आणि त्यांना बोलता येईना. ज्या राज्यात तेलुगूभाषक सर्वांत जास्त, त्याच्या राजधानीत तेलुगूची ही गत. हुल्लड करणाऱ्यांत सगळेच मराठी नव्हते, असे म्हणून हात झटकता येतील. पण घर आपले होते आणि पाहुण्याचा मान राखणे यजमानाकडे असते.

यातला विरोधाभास पाहा. कर्व्यांनी पाचच वर्षांपूर्वी, 1916 साली, स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले होते आणि तेथे शिक्षण मातृभाषेतून द्यायचे ठरवले होते. ज्या शाळेत सभा भरली तीही मातृभाषेसाठीच जन्मलेली. उर्दूपुढे आपली भाषा खाली पडते, हे ज्यांना सलत होते त्यांनाच शेजारच्या भाषेचे सलणे ऐकू आले नाही.

त्याच रात्री दुखावलेले मूठभर तेलुगू गृहस्थ एकत्र बसले आणि त्यांनी आंध्र जनसंघ स्थापला. माडपाटी हनुमंतराव त्यांत होते. त्यातून पुढे आंध्र महासभा झाली. तिचे पहिले अधिवेशन 1930 साली जोगीपेठला सुरवरम प्रताप रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. तेलंगणात वाचनालये, तेलुगू शाळा, मुलींचे शिक्षण यांची जी चळवळ उभी राहिली, तिची एक ठिणगी आपल्या अंगणात पडलेली आहे.

आणि हे दोन समाज परके होते का? 1901 साली सुरू झालेल्या श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम या ग्रंथालयामागे कोमर्राजू लक्ष्मणराव होते. ते शिकले नागपुरात. त्यांनी मराठीतही लिहिले. पुढे निजामाविरुद्धच्या लढ्यात मराठी, तेलुगू, कन्नड माणसे स्वामी रामानंद तीर्थांच्या मागे एकत्र तुरुंगात गेली.

17 सप्टेंबर 1948 ला संस्थान भारतात आले. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि आपण इथे राहिलो, तेलुगूभाषक राज्यातले अल्पसंख्य म्हणून. चित्र उलटले. 2018 साली सर्व शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा झाला, तेव्हा आपल्या घराघरांत कुरकुर झाली. माझ्याही घरी झाली. नातवाच्या वहीतली तेलुगू अक्षरे पाहून मी म्हणालो, ''याला मराठी कधी येणार?'' प्रश्न खोटा नव्हता. पण तो विचारताना मला 1921 ची सभा आठवली नाही, ही माझी चूक.

माझ्या धंद्याने मला एक शिस्त लावली. हानेमानने 'ऑर्गेनॉन'मध्ये वैद्याला बजावले आहे की रोग्याला मध्येच तोडू नये आणि त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. दवाखान्यात माझ्यापुढे कुणी तेलुगूत, कुणी दख्खनीत, कुणी मराठवाडी बोलीत दुखणे सांगते. 'नोप्पी' म्हणणारी आजी आणि 'ठणका' म्हणणारी आजी यांचे दुखणे मी एकाच शब्दात लिहिले तर दोघींचेही काही हरवते. माणूस दुखणे आपल्या भाषेत सांगतो, त्याला आधी सांगू द्यावे लागते. त्या संध्याकाळी नेमके तेवढेच झाले नाही.

क्षमावाणीत समोरच्याने क्षमा करावी अशी अट नसते. मागणाऱ्याने आपला हिशेब उघडायचा असतो. शंभरावर वर्षे लोटली, त्या सभेतले कुणी उरले नाही. पण शाळा आहे, आपण आहोत आणि शेजारही आहे. मराठी टिकावी ही आपली मागणी न्याय्यच आहे. ती करताना आपला जुना हिशेबही सोबत ठेवला, तर तिचे वजन कमी होणार नाही, वाढेलच.

म्हणून संस्थेच्या चालकांना एक विनंती. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेतले एक पुष्प तेलुगू वक्त्याला द्यावे आणि त्याने ते तेलुगूतच गुंफावे. भाषांतर नंतर छापता येईल. सभागृहात आपण फक्त शेवटपर्यंत शांत बसून ऐकायचे.