वैयक्तिक संकेतस्थळावरील यंत्रवाच्य ओळख : स्वकथनाकडून परस्परसाक्षीकडे

प्रस्तावना :

एखादे वैयक्तिक संकेतस्थळ उघडल्यावर नाव, छायाचित्र व परिचय पाहून ते कोणाचे आहे हे वाचकाला सहज उमगते. संगणकाला मात्र तेथील सर्व अक्षरे सारखीच असतात. अमुक शब्द हे व्यक्तीचे नाव आहे, अमुक दुवा तिच्याच दुसऱ्या पानाकडे जातो, हे यंत्राला कळावे म्हणून पानाच्या मूळ संहितेत काही ठरावीक खुणा कराव्या लागतात. यंत्रवाच्य ओळख ती हीच. प्रस्तुत लेखात १९९० च्या दशकापासून या खुणांची घडण कशी होत गेली याचा आढावा घेतला आहे. व्यक्तीने स्वतःविषयी केलेले कथन आणि त्या कथनाला मिळणारी साक्ष यांतील भेद हे या इतिहासाचे मुख्य सूत्र असल्याचे येथे प्रतिपादिले आहे.

स्वकथनाचा कालखंड :

या परंपरेचा प्रारंभ भेटपत्रिकेपासून होतो. ॲपल, एटी अँड टी, आयबीएम व सीमेन्स या कंपन्यांच्या संघाने १९९० च्या दशकाच्या मध्यास 'व्हीकार्ड' हा नमुना तयार केला आणि १९९८ मध्ये त्याची तिसरी आवृत्ती इंटरनेटच्या मानकांत समाविष्ट झाली. त्यात नावाचे पाच घटक मानले होते : आडनाव, व्यक्तिनाम, अन्य नावे, नावापूर्वीची उपाधी व नावानंतरची उपाधी. पुढील बहुतेक पद्धतींनी हीच शब्दावली कमीअधिक प्रमाणात स्वीकारली.

२००० मध्ये डॅन ब्रिकली व लिबी मिलर यांनी 'फोफ', म्हणजे 'मित्राचा मित्र', हा प्रकल्प सुरू केला. व्यक्तीने आपल्या संकेतस्थळावर एक स्वतंत्र फाइल ठेवावी, तीत आपले नाव, मुखपृष्ठ व परिचितांची नावे नोंदवावीत आणि अशा फाइलींमधून माणसांचे विश्वव्यापी जाळे यंत्राला वाचता यावे, अशी ही कल्पना होती. ई-मेलचा पत्ता उघड न करता त्याचे सांकेतिक रूप देण्याची सोयही तीत होती. तथापि ही फाइल सामान्य वाचकाच्या दृष्टीस पडत नसे. जे कोणी पाहत नाही ते जुने झाले तरी कोणाच्या ध्यानात येत नाही. या उणिवेवर उपाय म्हणून पानावर दिसणाऱ्या मजकुरालाच खुणा करण्याचा विचार पुढे आला. २००४ मध्ये मांडण्यात आलेले 'एचकार्ड' हे व्हीकार्डचेच संकेतस्थळाच्या संहितेतील रूप होय. २००५ मध्ये 'मायक्रोफॉरमॅट्स' या नावाने या चळवळीला स्वतंत्र व्यासपीठ मिळाले.

परस्परसाक्षीचा उदय :

डिसेंबर २००३ मध्ये टँटेक चेलिक, एरिक मायर व मॅट मुलेनवेग यांनी 'एक्सएफएन' ही पद्धती मांडली. दुव्याला मित्र, सहकारी, जोडीदार असे नाते जोडण्याची तीत सोय होती. २००४ च्या सुधारित आवृत्तीत 'मी' या अर्थाच्या खुणेची भर पडली. हा दुवा ज्या पानाकडे जातो तेही माझेच, एवढाच तिचा अर्थ. परंतु असा दावा कोणीही कोणत्याही पानाविषयी करू शकतो. म्हणून दुसऱ्या पानावरूनही पहिल्याकडे तोच दुवा परत आला, तरच दोन्ही पाने एकाच व्यक्तीच्या ताब्यात आहेत असे मानावे, हा संकेत रूढ झाला. येथे कथनाचे रूपांतर पुराव्यात झाले.

या पुराव्याचा उपयोग मोठ्या कंपन्यांनीही केला. गूगलने २००८ मध्ये अशा खुणा गोळा करून इतरांना उपलब्ध करून देणारी सेवा सुरू केली. ती २०१२ मध्ये बंद झाली. २०११ मध्ये त्याच कंपनीने लेखकाचे पान व तिच्या सेवेवरील त्याचे खाते यांत परस्पर दुवा असल्यास शोधनिकालात लेखकाची ओळख दाखविण्यास प्रारंभ केला. तीही योजना ऑगस्ट २०१४ मध्ये संपली. पद्धत निर्दोष असली तरी साक्षीदार एकच असेल, तर त्याच्या निर्णयाबरोबर ओळखही लोपते, हा यातील धडा होय. याउलट 'मी' ही खूण कोणा एका कंपनीच्या मालकीची नसल्यामुळे टिकली. २०१८ मध्ये 'मॅस्टोडॉन' या मुक्त समाजमाध्यमाने तिच्याच आधारे खातेदाराच्या संकेतस्थळाची पडताळणी सुरू केली.

दरम्यान २०११ मध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट व याहू यांनी 'स्कीमा डॉट ऑर्ग' ही सामाईक शब्दावली प्रसिद्ध केली. व्यक्तीची अन्यत्र असलेली पाने 'हीच ती व्यक्ती' या अर्थाने नोंदविण्याची सोय तीत आहे. शोधयंत्रांना ती उपयुक्त असली, तरी परतीचा दुवा नसल्यास तिचे स्वरूप एकतर्फी कथनाचेच राहते.

मराठी नावे व अध्यापकांची ओळख :

हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. एचकार्डमध्ये नाव दोन शब्दांचे असल्यास सर्वसाधारणपणे पहिला शब्द व्यक्तिनाम व दुसरा आडनाव समजण्याची सवलत आहे. स्वतःचे नाव, वडिलांचे वा पतीचे नाव आणि आडनाव अशा तीन पदांच्या मराठी नावाला ती लागू पडत नाही; तेथे प्रत्येक पद स्वतंत्रपणे दर्शवावे लागते. शिवाय एकाच अध्यापिकेचा एक लेख देवनागरीत, दुसरा रोमन लिपीत, तिसरा विवाहोत्तर नावाने प्रसिद्ध झाला, तर यंत्राच्या लेखी त्या तीन व्यक्ती ठरतात. उलट समान नावाच्या दोन संशोधकांचे लेखन एकाच्याच खाती जमा होते. ऑक्टोबर २०१२ पासून उपलब्ध झालेल्या 'ऑर्किड' या सोळा स्थानांच्या संशोधक-क्रमांकाचा उद्देश ही सरमिसळ टाळणे हाच आहे. आपल्या संकेतस्थळावरून ऑर्किडच्या नोंदीकडे आणि त्या नोंदीतून संकेतस्थळाकडे दुवा दिल्यास दोन्ही स्थळे परस्परांची साक्ष देतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. परस्पर दुव्यांनी दोन पानांचा ताबा एकाकडे असल्याचे दिसते. त्या व्यक्तीची पदवी वा विद्वत्ता त्यातून सिद्ध होत नाही. संकेतस्थळाच्या नावाचे नूतनीकरण न झाल्यास ते नाव दुसऱ्याच्या हाती जाऊ शकते. महाविद्यालयाच्या संकेतस्थळावरील परिचयपान बदली वा निवृत्तीनंतर काढून टाकले गेल्यास त्यावर विसंबलेली साखळीही तुटते.

निष्कर्ष :

वरील आढाव्यातून असे दिसते की, व्यक्तीविषयी अधिकाधिक माहिती नोंदविण्याचे विस्तृत प्रयत्न मागे पडत गेले आणि दोन पानांनी एकमेकांची ओळख पटविणारी एक लहानशी खूण टिकून राहिली. म्हणून अध्यापकांनी आपले नाव सर्व रूपांसह स्पष्ट नोंदवावे, ओळखीचे मुख्य स्थान शक्यतो स्वतःच्या ताब्यात ठेवावे आणि साक्ष एकाहून अधिक ठिकाणांची असावी, हे श्रेयस्कर ठरते. लेखनाचे श्रेय ज्याचे त्याला मिळणे हा ज्ञानव्यवहाराचा पाया आहे. आता त्याची नोंद बहुतांशी यंत्रेच ठेवीत असल्याने त्यांना वाचता येईल अशी ओळख जपणे हाही विद्याव्यासंगाचाच एक भाग झाला आहे.