पत्ता ‘समि’वर का तुटतो

पिंपळगाव बसवंतच्या लिलावाची बातमी वर्डप्रेसवर चढवा. मथळा द्या, ‘पिंपळगाव बसवंत बाजार समितीत कांदा वधारला’. बातमीचा वेबपत्ता मथळ्यावरून घ्यायचा असं ठरलेलं असेल आणि तुम्ही तो हाताने भरला नाही, तर तयार होतो ‘पिंपळगाव-बसवंत-बाजार-समि’. तिथेच तुटतो. कांदा पत्त्यात येतच नाही. दुसऱ्या दिवशी त्याच मथळ्यात कांद्याऐवजी टोमॅटो लिहिलंत तरी पत्ता तोच निघतो, म्हणून यंत्र त्यापुढे ‘-२’ चिकटवतं.

या तुटण्याचं कूळ जुनं आहे. १९७४ साली गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही प्रणाली लिहिली तेव्हा फ्लॉपीवर जागा फार थोडी होती. फाइलच्या नोंदीला ३२ बाइट, त्यातले नावाला ८ आणि प्रकाराला ३. १९८१च्या डॉसने हीच रीत उचलली, आणि मोठी नावं विंडोज ९५ येईपर्यंत थांबली. एक अक्षर म्हणजे एक बाइट, हे तेव्हा गृहीतच होतं. रोमन लिपीला ते पुरत होतं.

खरं तर आपल्यालाही पुरलं असतं. इस्की या भारतीय मानकात देवनागरीचं चिन्ह एका बाइटात बसत असे, आणि जगभरच्या लिप्यांसाठीच्या युनिकोड मानकाने देवनागरीची मांडणी घेतली ती इस्कीवरूनच. पण १९९२मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी युनिकोड बाइटांत लिहिण्याची यूटीएफ-८ ही पद्धत रचली, त्यात रोमन अक्षराला एकच बाइट राहिला आणि देवनागरीच्या वाट्याला तीन आले. त्यावर वेबपत्त्याचा नियम असा, की रोमनेतर प्रत्येक बाइट टक्केचिन्ह आणि पुढे दोन खुणा अशा तीन जागांत लिहायचा. म्हणजे एकट्या ‘प’ला नऊ जागा. वेलांटी आणि अनुस्वार वेगळे मोजले जातात, त्यामुळे ‘पिं’ लिहिताच सत्तावीस जागा गेल्या.

वर्डप्रेस आलं २००३ साली. त्याच्या तक्त्यात पत्त्याच्या या तुकड्याला २०० जागा आहेत. ‘पिंपळगाव-बसवंत’ एवढ्यालाच ११८ लागतात. हेच नाव रोमनमध्ये अठरा जागांत मावतं. ‘समि’पर्यंत १९२ भरतात, पुढच्या ‘त’ला नऊ हव्यात आणि उरलेल्या असतात आठ.

मर्यादा असायला हरकत नाही, तक्त्याला ती लागतेच. पण ती अक्षरांत मोजायला हवी, टक्केचिन्हांत नव्हे. मराठी मथळ्याने त्याच जागेसाठी नऊपट भाडं भरावं, हे मला अन्याय्य वाटतं.

तोवर पत्ता यंत्रावर सोडू नका. लांबी कमी करायची म्हणून ‘बसवंत’ही गाळू नका, कारण महाराष्ट्रात पिंपळगावं पुष्कळ आहेत. गाळायची तर ‘बाजार समितीत’ गाळा आणि स्वतः लिहा, ‘पिंपळगाव-बसवंत-कांदा-भाव’. त्यालाही १९२ जागाच लागतात, आणि कांदा पत्त्यात राहतो.