१६ कोटींचं इंजेक्शन ते १५,९०० रुपयांची बाटली: दुर्मिळ आजारांशी पालक कसे लढले?

‘१६ कोटींचं इंजेक्शन’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले ते २०२१ मध्ये. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी (एसएमए) झालेल्या मुंबईतल्या एका बाळासाठी लोकवर्गणी झाली आणि औषधावरचा कोट्यवधींचा कर केंद्राने माफ केला. पण प्रत्येक बाळाची बातमी होत नाही. अशा मुलांच्या आई-वडिलांना हे आधीपासून ठाऊक होतं.

दुर्मिळ आजार म्हणजे काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, हजार लोकांमागे एक किंवा त्याहून कमी जणांना होणारा आजार दुर्मिळ. भारताची स्वतःची व्याख्या नाही, कारण रुग्णांची पुरेशी आकडेवारीच नाही. ज्यांची मोजणी नाही, त्यांच्यासाठी पैसा कोण ठेवणार? म्हणून पालकांच्या संघटनांचं पहिलं काम असतं विखुरलेली कुटुंबं शोधून एकत्र आणणं. एसएमएग्रस्त मुलांच्या पालकांनी उभी केलेली ‘क्युअर एसएमए फाउंडेशन ऑफ इंडिया’ किंवा ‘लायसोसोमल स्टोरेज डिसऑर्डर्स सपोर्ट सोसायटी’ ही त्याची उदाहरणं.

कोर्टाने काय बदललं?

गोशे आजार झालेल्या मुलाच्या गरीब वडिलांनी दिल्ली हायकोर्टात दाद मागितली. २०१४ मध्ये कोर्टाने दिल्ली सरकारला मोफत उपचाराचे आदेश दिले. पुढे २०१७ मध्ये राष्ट्रीय धोरण आलं, पण पुढच्याच वर्षी ते बासनात गेलं. नवं धोरण २०२१ चं. त्यात २० लाखांची मदत होती, पण ज्यांचे उपचार एकदाच करून भागतात अशाच आजारांना. गोशे, एसएमए यांसारख्या आयुष्यभर महागडं औषध लागणाऱ्या आजारांसाठी लोकवर्गणीचं पोर्टल दाखवण्यात आलं. ज्यांना गरज सर्वाधिक, नेमके तेच बाहेर! पाठपुरावा आणि कोर्टकज्जे सुरूच राहिले. मे २०२२ मध्ये मर्यादा ५० लाखांवर गेली आणि सगळे गट त्यात आले. ही रक्कम कुटुंबाच्या हाती येत नाही, ठरवून दिलेल्या ‘सेंटर ऑफ एक्सलन्स’ला मिळते. मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक.

५० लाख किती दिवस पुरतात?

एसएमएवरचं रिस्डिप्लाम हे औषध रोज तोंडाने घ्यायचं असतं. २० किलो किंवा त्याहून जास्त वजनाच्या रुग्णाला एक बाटली सुमारे १२ दिवस जाते, म्हणजे वर्षाला तीसेक बाटल्या. मूळ कंपनी रोशच्या बाटलीची छापील किंमत सहा लाखांच्या वर होती. या हिशेबाने ५० लाख जेमतेम तीन महिने.

नॅटको या भारतीय कंपनीने हेच औषध बनवायची तयारी केली, तेव्हा रोश पेटंटचा मुद्दा घेऊन कोर्टात गेली. रुग्ण आणि कार्यकर्ते स्वस्त औषधाची मागणी लावून धरून होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठाने आणि मग सुप्रीम कोर्टानेही नॅटकोला रोखायला नकार दिला. नॅटकोची बाटली आली १५,९०० रुपयांना. वर्षाचा खर्च पावणेपाच लाखांच्या आसपास, म्हणजे तेच ५० लाख आता दहा वर्षं पुरू शकतात.

मग अडचण कुठे आहे?

गोशेसारख्या आजारांत एन्झाइम दर दोन आठवड्यांनी शिरेतून द्यावं लागतं, तेही वजनानुसार. मूल वाढतं, तसा खर्च वाढतो. ५० लाख संपल्यावर काय, याचं उत्तर धोरणात नाही. केरळ हायकोर्टाने या मर्यादेपलीकडे मदत द्यायला सांगितलं होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या आदेशाला स्थगिती दिली.

काळजी घेणाऱ्यांचा प्रश्न तर अजून नीट चर्चेतही नाही. रात्री दर काही तासांनी मुलाची कूस बदलणारी, त्यासाठी नोकरी सोडलेली आई कुठल्याच हिशेबात बसत नाही. जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. पण आधी तशा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र हवं, आणि भत्त्याची योजना राज्य सरकारने आखायला हवी.