स्त्रियांवरील वैवाहिक हिंसाचाराची सर्वेक्षणे

स्त्रियांवरील वैवाहिक हिंसाचाराची सर्वेक्षणे : पतीकडून किंवा अन्य निकटवर्ती पुरुषाकडून स्त्रीला होणारी मारहाण, लैंगिक बळजबरी व मानसिक छळ यांचे समाजातील प्रमाण अजमावण्यासाठी घरोघर मुलाखती घेऊन केलेल्या नमुना पाहण्या. पोलिसांच्या नोंदींवरून हे प्रमाण काढता येत नाही. कारण त्या नोंदी तक्रारींच्या असतात, घटनांच्या नव्हेत. ज्या जिल्ह्यात स्त्रिया निर्भयपणे ठाण्याची पायरी चढतात, तो जिल्हा कागदोपत्री अधिक हिंसक ठरतो. ही अडचण टाळण्यासाठी स्त्रीलाच विचारण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या पावशतकात रूढ झाली. अमेरिकेत मरी स्ट्राउस व रिचर्ड गेलिस यांनी १९७५ मध्ये २,१४३ कुटुंबांची देशव्यापी पाहणी केली. ‘मारहाण झाली काय?’ असे मोघम न विचारता ढकलणे, थप्पड, लाथ, गळा आवळणे अशा एकेका कृतीविषयी विचारण्याची त्यांची रीत पुढे बहुतेक देशांनी फेरफार करून उचलली. कॅनडाने १९९३ मध्ये सु. १२,३०० स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. जागतिक आरोग्य संघटनेचा दहा देशांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात भारताचा समावेश नव्हता.

भारतात हा विषय प्रथम न्यायालयातून व रस्त्यावरून पुढे आला, आकडे मागाहून आले. १९७२ मध्ये तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज येथे एका आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या अत्याचाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आरोपी पोलिसांना निर्दोष सोडले. त्याविरुद्ध १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार व वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीमुळे १९८३ मध्ये बलात्कारविषयक कायदा बदलला. त्याच वर्षी पती व सासरचे नातेवाईक यांच्याकडून होणाऱ्या छळाविषयीचे कलम ४९८-अ भारतीय दंड संहितेत आले. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी साहाय्य कक्ष सुरू केला. मात्र अशा स्त्रियांची संख्या देशात किती, हे त्या काळी कोणालाही सांगता येत नव्हते. १९९७–९९ या काळात नागपूरसह सात केंद्रांवर ९,९३८ स्त्रियांची पाहणी झाली. परंतु तीही निवडक ठिकाणांपुरतीच होती.

देशव्यापी मोजणीचे मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी त्याच्या पहिल्या पाचही फेऱ्यांचे संयोजन मुंबईतील देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने केले. पहिल्या फेरीत (१९९२–९३) हिंसाचाराचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या फेरीत (१९९८–९९) सु. ९० हजार विवाहित, विधवा व परित्यक्ता स्त्रियांना, वयाच्या पंधराव्या वर्षानंतर कोणी मारहाण किंवा शारीरिक छळ केला काय, असा एकच प्रश्न विचारला गेला. शेकडा २१ स्त्रियांनी होकार दिला. तिसऱ्या फेरीत (२००५–०६) कृतिवार प्रश्न आले, लैंगिक बळजबरीचाही समावेश झाला आणि पतीकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांचे प्रमाण शेकडा ३७ निघाले. सात वर्षांत देशातील नवरे एवढे बिघडले, असा याचा अर्थ नाही. आपल्याकडे एखाद-दुसऱ्या थपडेला मारहाण म्हणण्याची रीत नाही; ‘हात उचलला’ एवढेच म्हटले जाते. प्रश्नाचे शब्द बदलले, तेव्हा जे आधीपासून होते ते दिसू लागले. म्हणून या दोन आकड्यांची सरळ तुलना करू नये. नंतरच्या फेऱ्यांत प्रश्नांची चौकट बरीचशी स्थिर राहिली आणि पाचव्या फेरीत (२०१९–२१) हे प्रमाण शेकडा २९ च्या आसपास आले.

राज्यवार आकडे वाचताना अधिक सावधगिरी हवी, हे मराठवाड्याच्या दक्षिण सीमेवरून चांगले उमगते. नांदेड जिल्ह्याला कर्नाटकातील बीदर व तेलंगणातील निजामाबाद हे जिल्हे लागून आहेत. तिन्ही जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानात व नंतर त्याच नावाच्या राज्यात एकत्र होते. कंधार, मुखेड, देगलूर या भागांतील सोयरिकी आजही सीमेपलीकडे होतात. पाचव्या फेरीत पतीच्या हिंसेचे प्रमाण महाराष्ट्रात शेकडा २५, तेलंगणात ३७, तर कर्नाटकात ४४ आढळले. कर्नाटकाचा आकडा आधीच्या फेरीत (२०१५–१६) २१ च्याही आतच होता! मधल्या चार वर्षांत वर्तनात एवढा पालट झाला असे मानणे कठीण आहे. मुलाखतकर्तींचे प्रशिक्षण, भाषांतराचे शब्द, उत्तर देणारीला वाटलेला विश्वास यांचा वाटा त्यात असावा, असा तर्क करण्यास जागा आहे. तेव्हा सीमेअलीकडे नांदलेली लेक पलीकडच्या बहिणीपेक्षा सुखरूप आहे, असा निष्कर्ष या आकड्यांवरून काढता येणार नाही.

कंधार तालुक्याचे, किंबहुना संपूर्ण नांदेड जिल्ह्याचे प्रमाण किती, हेही हे सर्वेक्षण सांगत नाही. पाचव्या फेरीत देशातील ७०७ जिल्ह्यांत ७,२४,११५ स्त्रियांच्या मुलाखती झाल्या. लसीकरण, बाळंतपणे, रक्तक्षय यांचे जिल्हावार आकडे त्यातून मिळाले. हिंसाचाराची प्रश्नावली मात्र नमुन्यातील सु. शेकडा १५ कुटुंबांतच व तीही घरातील एकाच स्त्रीपुरती वापरली जाते. त्यामुळे राज्याखालच्या पातळीवर विश्वासार्ह अनुमान निघत नाही आणि जिल्ह्याच्या माहितीपत्रकात हा रकाना आढळत नाही. एकाच स्त्रीला विचारण्यामागे तिच्या सुरक्षिततेचा विचार आहे : सासू-सुनेला वेगवेगळे विचारले, तरी विषय घरात फुटतो. मुलाखतीस एकांत लागतो व कोणी जवळ आल्यास प्रश्न थांबवावे लागतात. दोन खोल्यांच्या घरात, ओसरीवर माणसे बसलेली असताना असा एकांत मिळवणे ही मुलाखतकर्तीची खरी कसोटी होय. शिवाय ४९ वर्षांवरील स्त्रिया मोजणीबाहेर राहतात. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांच्या दाराला कुलूप असेल, तर तेथील स्त्रीचे उत्तर हुकते.

सर्वेक्षणाच्या व कायद्याच्या व्याख्या जुळत नाहीत, हेही लक्षात घेतले पाहिजे. इच्छेविरुद्ध पतीने शरीरसंबंध लादला काय, हे सर्वेक्षण विचारते. अशी बळजबरी करणाऱ्यांत बहुतांश पतीच आढळतात. कायद्यात मात्र अठरा वर्षांवरील पत्नीच्या बाबतीत पतीला बलात्काराच्या व्याख्येतून वगळणारा अपवाद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम ठेवण्यात आला. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा (अंमल २६ ऑक्टोबर २००६) लैंगिक छळाची दखल घेतो. पण त्यातील उपाय प्रामुख्याने दिवाणी स्वरूपाचे आहेत. पाचव्या फेरीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी शेकडा १४ जणींनीच कोणाकडे तरी मदत मागितली होती, आणि तीही बहुधा माहेरच्यांकडे. शेकडा ७७ जणींनी मदत तर मागितली नव्हतीच, झाला प्रकारही कोणाला सांगितला नव्हता; तो त्यांनी प्रथम मुलाखतकर्तीस सांगितला.