जीर्णोद्धार कीं जतन?

आज मी ज्या विषयावर बोलणार आहें, तो प्रथमदर्शनीं इतिहासाचा वाटणार नाहीं. पुण्यांतील एका जुन्या वाड्याच्या मागल्या पडवींत, मोडका पाळणा आणि रिकामे डबे यांच्या सोबतीनें, एक जावा मोटरसायकल सुमारें तीस वर्षें उभी होती. ती विकत घ्यावी कीं घेऊं नये, एवढाच माझ्यापुढील प्रश्न. गेल्या पावसाळ्याच्या तोंडीं तो उपस्थित झाला आणि त्याचा निकाल लावण्यास मला दोन महिने लागले. त्या अवधींत मीं जें वाचलें, पाहिलें आणि जाणत्यांकडून ऐकलें, त्यावरून माझी अशी खात्री झाली कीं, हा प्रश्न जितका सौद्याचा, तितकाच इतिहासाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगतों. गाडी १९६४ सालची. टाकीचा मूळचा किरमिजी रंग धुळीखालीं विटलेला, तिच्या दोन्ही अंगांच्या क्रोमवर गंजाची पुळी उठलेली, टायर चिरफळलेले, आणि उजवा फूटरेस्ट मागें वांकलेला. वाडा पाडून तेथें नवी इमारत उठणार होती. दिवाळीपूर्वीं जागा मोकळी करून देणें भाग होतें. मालकीणबाईंनीं सत्तरी केव्हांच ओलांडलेली. गाडी त्यांच्या दिवंगत यजमानांची. दोन गिऱ्हाइकें आधींच येऊन गेलीं होतीं: एक भंगारवाला, तो वजनावर भाव सांगत होता; दुसरा एक गृहस्थ, त्याला केवळ इंजिन आणि टाकी हवी होती. तिसरा मी. बाई मला म्हणाल्या, "तुम्ही घ्या किंवा नका घेऊं, पण घेतलीत तर तोडूं नका, एवढेंच माझें मागणें." मीं "बरें, काकू," म्हटलें खरें, परंतु त्या मागण्याचा पूर्ण अर्थ त्या दिवशीं मला उमगला नव्हता.

आतां या यंत्राची कुळकथा पाहूं. प्राग शहरांत फ्रान्तिशेक यानेचेक या नांवाचा शस्त्रास्त्रांचा एक कारखानदार होता. पहिल्या महायुद्धानंतर शस्त्रांची मागणी घटली, तेव्हां शांततेच्या काळांत खपेल असा माल त्यास हवा झाला. १९२९ सालीं त्यानें जर्मनींतील वाण्डरर कंपनीकडून मोटरसायकल बनविण्याचे हक्क विकत घेतले आणि आपल्या व त्या कंपनीच्या नांवाचीं आद्याक्षरें जुळवून नवें नांव सिद्ध केलें. चेक लोक त्याचा उच्चार 'यावा' असा करितात. आपण लिपीवरून 'जावा' म्हणूं लागलों. पहिली गाडी महाग होती आणि त्यांत जागतिक मंदी आली. मग १९३२ सालीं इंग्लंडांतील व्हिलियर्स इंजिन बसवून त्यानें १७५ घन सेंटिमीटरची स्वस्त गाडी काढली आणि कारखाना तरला.

१९३९ सालीं चेक प्रदेश जर्मनांच्या टांचेखालीं गेला. कारखान्यावर युद्धोपयोगी काम लादलें गेलें. यानेचेक १९४१ सालीं वारला. तरीही तेथील कांहीं अभियंते, पकडले जाण्याचें भय असतांना, युद्धोत्तर काळासाठीं २५० घन सेंटिमीटरच्या एका नव्या गाडीचा आराखडा गुप्तपणें तयार करीत राहिले. १९४६ सालीं ती जगापुढें आली. तिच्या मागल्या चाकास स्प्रिंगा होत्या, म्हणून लोकांनीं तिला 'पेराक' असें टोपणनांव दिलें. पेराक हा युद्धकाळांतील एका दंतकथेचा नायक. पायांस स्प्रिंगा बांधून, प्रागच्या काळोख्या गल्ल्यांतून उड्या मारीत, तो जर्मन पहारेकऱ्यांस हुलकावण्या देतो असें लोक एकमेकांस सांगत. याच वंशांत १९५४ सालीं, मागला काटा बिजागरीवर हालणारा असा सुधारलेला नमुना निघाला. पडवींतली गाडी त्या नमुन्याची कन्या.

ती पुण्यास कशी पोंचली? येथें मुंबईचा संबंध येतो. इराणांतील यझ्द व कर्मान या प्रांतांतून एकोणिसाव्या शतकांत आणि विसाव्याच्या आरंभीं पुष्कळ झरतुष्ट्री कुटुंबें मुंबईस आलीं. त्यांच्या चहाच्या दुकानांशीं आपला परिचय आहेच. याच समाजांतील रुस्तुम इराणी व फारूख इराणी यांनीं जावा गाडीचा व्यापार हातीं घेतला. पुढें परकीय चलनाची चणचण पडून तयार गाड्यांच्या आयातीवर निर्बंध आले, तेव्हां येथेंच कारखाना काढण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. म्हैसूर येथें 'आयडियल जावा' ही कंपनी निघाली आणि १९६१ सालीं महाराज जयचामराजेंद्र वाडियार यांच्या हस्तें कारखान्याचें उद्घाटन झालें. १९७३ पासून गाडीवर 'येझदी' हें नांव आलें. पूर्वजांच्या यझ्द शहराची ती आठवण. पुढें १९८५ सालीं हीरो होंडाची १०० घन सेंटिमीटरची काटकसरी गाडी बाजारांत आली, लोक पेट्रोलाचा हिशेब करूं लागले, आणि धूर ओकणाऱ्या जुन्या यंत्रांचे दिवस भरले. १९९६ सालीं म्हैसूरचा कारखाना बंद पडला. २०१८ सालीं जावा व २०२२ सालीं येझदी हीं नांवें नव्या गाड्यांवर पुन्हां अवतरलीं खरीं. पण तीं यंत्रें सर्वस्वीं निराळीं आहेत.

इतकें जाणल्यावर पडवींतली ती वस्तु मला केवळ लोखंड वाटेना. परंतु भावनेनें सौदा करूं नये, म्हणून मीं एका वृद्ध मिस्त्र्यास बरोबर नेलें. त्यानें इंजिनाकडे प्रथम पाहिलेंच नाहीं. त्यानें कापडानें घासून सांगाड्यावरचा आंकडा वाचला, मग इंजिनावरचा, आणि दोन्ही नोंदणीपुस्तकाशीं पडताळून पाहण्यास सांगितलें. हे आंकडे जुळले नाहींत, तर इंजिन परक्या गाडीचें असूं शकतें आणि कायद्याच्या दृष्टीनेंही घोटाळा होतो. दुसरें, काय काय नाहीं याची त्यानें यादी केली. तो म्हणाला, "साहेब, इंजिनाचें काय घेऊन बसलांत? मोठे भाग मिळतात. हरवलेल्या पावशेर वस्तूंपायीं माणूस मेटाकुटीस येतो." साखळीवरील बंद आवरण, दोन्ही सायलेन्सर, दिव्याच्या घरांत बसविलेलें वेगमापक, हीं सर्व जाग्यावर होतीं.

मग इंजिन. या गाडीच्या सिलिंडराचा व्यास ६५ मिलिमीटर आणि दट्ट्याची धांव ७५. एकच सिलिंडर, पण धूर बाहेर पडण्यास दोन नळ्या. तेल पेट्रोलांतच मिसळावयाचें, आणि त्याच मिश्रणानें आंतील बेअरिंगांस वंगण मिळावयाचें. गाडी वर्षानुवर्षें उभी राहिली म्हणजे हा तेलाचा पापुद्रा सुकतो, पावसाळी दमट हवा आंत शिरते आणि बेअरिंगांवर गंज धरतो. रबरी सील आटून कडक होतात. त्यांतून बाहेरची हवा ओढली गेली कीं मिश्रण विरळ होऊन इंजिन तापतें. मिस्त्र्यानें प्लग काढून भोंकांतून थोडें डीझेल ओतलें आणि आठ दिवस हात लावूं नका म्हणून बजावलें. नवख्या उत्साहानें लाथ मारून अडकलेला दट्ट्या फोडणारे लोक त्यानें पुष्कळ पाहिले होते. या गाडीस गियर आणि किक यांकरितां एकच दांडा असतो. आठव्या दिवशीं तो किकच्या जागीं फिरवून त्यानें हलकेंच दाबला, आणि तो खालीं गेला. इंजिन जाम झालेलें नव्हतें.

तरीही मी घरीं परतलों तो निश्चय न करितांच. आमच्या घरांतून एकच प्रश्न आला: "अहो, ती तुम्हांला चालवायला हवी आहे कीं दाखवायला?" मला उत्तर देतां आलें नाहीं, कारण या बाबतींत माझा पूर्वेतिहास चांगला नाहीं. दहा वर्षांपूर्वीं मीं एक जुनी स्कूटर घेतली होती. एका कारखान्यांत तिचा रंग वाळूच्या माऱ्यानें उतरवून नवा चढविला, नवें क्रोम केलें, कार्ब्युरेटर बदलला आणि जुना फेंकून दिला. गाडी आरशासारखी लखलखूं लागली. शेजारीपाजारीं कौतुक झालें. परंतु मूळ विक्रेत्याच्या नांवाची पुसटशी चिकटपट्टी, पायाच्या घर्षणानें झिजलेला भाग, कोणा अज्ञात हातानें दिलेला रंगाचा ठिपका, हें सर्व गेलें. मीं ती स्कूटर वांचविली नाहीं; तिच्या नांवाची दुसरी स्कूटर बनविली.

हा वाद नवा नाहीं. थीसियस राजाच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सचे लोक एकेक करून बदलीत गेले, तेव्हां ती तीच नौका राहिली काय, असा प्रश्न तत्त्ववेत्ते करीत, असें प्लुटार्क सांगतो. १८४९ सालीं रस्किननें, जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार हा त्यांचा विध्वंसच होय, असें आग्रहानें प्रतिपादिलें, आणि १८७७ सालीं विल्यम मॉरिसनें जुन्या वास्तूंच्या रक्षणार्थ एक संस्थाच काढली. आपल्याकडे जीर्णोद्धार हें पुण्यकर्म. देवालय पूजेंत राहावयाचें असेल तर छप्पर नवें घालावेंच लागतें. तें योग्यही आहे. पण मूर्तीवर पिढ्यान्‌पिढ्या शेंदराचीं पुटें चढत जातात, आणि एके दिवशीं तें कवच गळून पडलें म्हणजे आंतून शिल्पकाराची मूळ कृति प्रकट होते, हेंही आपण पाहतों. तेव्हां पुट चढविण्यापूर्वीं आंत काय आहे तें पाहावें, हा धडा आपल्या अंगणांतलाच आहे.

कायद्यानेंही अलीकडे हीच दृष्टि स्वीकारली आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें काढलेल्या नियमांनुसार, पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी वा चारचाकी गाडी ऐतिहासिक वाहन म्हणून नोंदवितां येते. मात्र ती मूळ स्वरूपांत राखलेली पाहिजे, सांगाडा, बाह्यांग किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीस २०,००० रुपये, तिची मुदत दहा वर्षें, आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये पडतात. नित्याच्या वापरास मात्र अशी गाडी रस्त्यावर आणतां येत नाहीं.

बाजारही हेंच सांगतो. इंग्लंडांत कॉर्नवॉलमधील बॉडमिन मूर येथें कोठारांत पन्नासांहून अधिक वर्षें पडलेल्या आठ ब्रो सुपीरिअर मोटरसायकली उजेडांत आल्या. कांहींचे नुसते भाग विखुरलेले, सर्व गंजलेल्या. कोणीही त्यांस रंग लावला नाहीं. २०१६ सालीं त्या आहेत तशाच लिलावांत निघाल्या, आणि १९३८ सालच्या एकीस ३,३१,९०० पौंड आले. जावा गाडीस अशी किंमत येणार नाहीं, हें मी जाणतों. परंतु अस्पर्शित गंजास लोक एवढें मोल देतात तें कां, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. रंग केव्हांही देतां येतो. गेलेला मूळचा रंग पुन्हां आणतां येत नाहीं.

शेवटीं नोंदणीपुस्तकासाठीं मी काकूंकडे गेलों. पत्र्याच्या ट्रंकेंतून तें निघालें, आंकडे जुळले. त्याच्या खालीं एक लांबट वही होती. यजमानांनीं १९६४ पासून पेट्रोल, तेल, प्लग यांचा खर्च तारीखवार मांडला होता. मी पानें चाळीत होतों. ११ डिसेंबर १९६७ रोजीं पहाटे कोयनेचा भूकंप झाला, हें आपणांस ठाऊक आहे. त्याच तारखेखालीं बारीक अक्षरांत लिहिलें होतें: "कऱ्हाड. मामांकडे सर्व सुखरूप. जातांना खंबाटकींत घसरलों. उजवा फूटरेस्ट वांकला. सरळ करणें." त्यापुढें त्या कामाचा खर्च कोठेंच नव्हता. काकू म्हणाल्या, "त्या रात्रीं हे परत येईतों मी दारांतच उभी होतें. मग तो फूटरेस्ट यांनीं कधीं सरळ केलाच नाहीं."

मिस्त्र्याच्या यादींत पहिलें काम तेंच होतें: उजवा फूटरेस्ट सरळ करणें.

मीं गाडी घेतली. बेअरिंगें, सील, टायर आणि तारा बदलावयाच्या, टाकी आंतून स्वच्छ करावयाची, काढलेला प्रत्येक भाग नांव लिहून डब्यांत ठेवावयाचा, एवढेंच काम ठरविलें आहे. रंगास आणि त्या फूटरेस्टास हात लावावयाचा नाहीं. वहीची मीं नक्कल करून घेतली; मूळ वही काकूंपाशींच राहिली. वाडा आतां पडला आहे. गाडी अजून सुरू झालेली नाहीं, आणि घरांतील प्रश्नाचें उत्तर मीं अजून दिलेलें नाहीं.

आपल्यापैकीं कोणाच्या दारीं अशी एखादी वस्तु उभी असेल, तर घेतांना वा विकतांना आधीं तिचे कागद शोधावे, मग काय हरवलें आहे तें पाहावें, इंजिनाकडे त्यानंतर वळावें. आणि कोणतीही वांकलेली गोष्ट सरळ करण्यापूर्वीं ती कशानें वांकली, हें घरांतील वडील माणसांस एकदां विचारावें. सांगणारें माणूस आहे तोंवरच तें कळण्याजोगें आहे.