दौलताबादच्या परिसरातील इंग्रजी शब्दार्थ व उच्चार

परभाषेतील शब्द शिकणाऱ्या विद्यार्थ्यास अर्थ कळावा लागतो आणि उच्चार साधावा लागतो. या दोन्ही गोष्टी त्यास कोणत्या मध्यस्थ भाषेतून व लिपीतून मिळतात, हा प्रश्न मात्र आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. दौलताबाद व त्याच्या भोवतालचा प्रदेश या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष सोयीचा आहे.

प्रथम त्या स्थळाचे नावच पाहू. यादवांची 'देवगिरी' फारसी लिपीत गेली, तेव्हा 'देवगीर' आणि 'देओगीर' ही दोन्ही वाचने संभवू लागली. कारण त्या लिपीतील 'वाव' हे अक्षर व्यंजनाचेही काम करते आणि स्वराचेही. इ. स. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी येथे आणली व 'दौलताबाद' हे नाव रूढ झाले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी त्यातील 'औ'साठी 'ओ-डब्ल्यू' व ऱ्हस्व 'अ'साठी 'यू' ही अक्षरे योजली. पुढे हंटर यांच्या पद्धतीने तेथे 'ए-यू' व 'ए' आले. लेखन नियमबद्ध झाले खरे. परंतु केवळ इंग्रजी जाणणारा वाचक आता 'डॉलताबाद' असे वाचण्याचा संभव निर्माण झाला. तात्पर्य, लिपी बदलली की उच्चाराची हमी उरत नाही.

मुंबई इलाख्यातील मराठी विद्यार्थ्याचा मार्ग तुलनेने सरळ होता. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये, आणि मोल्सवर्थ व कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये सिद्ध झाला. इंग्रजी शब्दासमोर त्यास मराठी शब्द मिळे.

निजामाच्या राज्यात स्थिती निराळी होती. १९१८ मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते व इंग्रजी हा आवश्यक विषय होता. त्यामुळे तेथवर पोहोचणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास इंग्रजी शब्दाचा अर्थ उर्दूतून घ्यावा लागे व तो मनात मराठीत उतरवावा लागे. याच काळात मौलवी अब्दुल हक यांनी 'अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे कार्य औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास, आणले. १९२१ मध्ये तेथून 'उर्दू' हे त्रैमासिक निघू लागले, आणि १९३७ मध्ये त्यांनी संपादिलेला मोठा इंग्रजी-उर्दू कोश अंजुमनच्या तेथील मुद्रणालयातून बाहेर पडला. दौलताबादच्या किल्ल्यापासून काही कोसांवर, मराठीभाषक जिल्ह्यात, हे कार्य झाले ही गोष्ट मराठी कोशवाङ्मयाच्या इतिहासकारांनी ध्यानात घेण्याजोगी आहे.

मध्यस्थ भाषेने अर्थ कसा बदलतो, याचे एक उदाहरण पुरे आहे. पुण्याच्या विद्यार्थ्यास 'कलेक्टर' हा शब्द तसाच परिचित होता. निजामी राज्यात त्याच अधिकाऱ्यास 'अव्वल तालुकदार' म्हणत. परंतु अवधात 'तालुकदार' म्हणजे मोठा जमीनदार! कोशातील प्रतिशब्द अचूक असूनही तो कोणत्या मुलुखात वाचला जातो, यावर त्याचा अर्थ ठरे.

उच्चाराच्या बाबतीत मात्र लाभहानी दोन्हीकडे आहे. उर्दू लिपीत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत. त्यामुळे 'बट' व 'बिट' एकसारखेच दिसतात. शब्दारंभीच्या जोडाक्षरापूर्वी स्वर येऊन 'इस्कूल', 'इस्टेशन' अशी रूपे होतात. मराठीस 'स्नान', 'स्थान' यांची सवय असल्याने ही अडचण तितकी नाही. उलट, इंग्रजीतील 'झू' व 'फॅन' यांच्या आद्य ध्वनींसाठी उर्दूत स्वतंत्र अक्षरे आहेत, ती मराठीत नाहीत. 'बँक' मधील स्वर तर दोन्ही लिप्यांस परका. जुन्या मराठीत 'ब्यांक' व 'आफीस' असेच लिहीत. 'ॲ' व 'ऑ' यांना शासनमान्य वर्णमालेत स्थान मिळाले ते २००९ मध्ये.

हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले, आणि ही दुहेरी वाट मागे पडली. मातृभाषेस वगळून ज्ञान घ्यावे लागणे हा अन्याय होता, यात शंका नाही. तथापि त्या पिढीने उर्दू अक्षरांत अर्थ लिहिलेल्या वह्या व समासात टिपा असलेले कोश हे आपल्या प्रदेशाच्या भाषिक इतिहासाचे अस्सल साधन होय. ते वाचू शकणारे अभ्यासक दिवसेंदिवस विरळ होत आहेत. जुन्या घरांतून असे साहित्य जमवणे व त्यासाठी उर्दू लिपी शिकणे, हे मराठीच्या संशोधकाचेच कर्तव्य समजले पाहिजे.